एक चाक जमिनीवर

वाटणी म्हणलं की सख्खा भाऊ सख्खा राहत नाही, आणि छपन्न साली तर अख्ख्या हैदराबाद राज्याची वाटणी चालली होती. मराठवाडा मुंबईकडं, गुलबर्ग्याकडचा भाग म्हैसूरकडं, उरलेलं आंध्राकडं. एक नोव्हेंबर ही तारीख ठरलेली. माणसं वाटली जात होती, टाइपरायटर वाटले जात होते, कपाटं वाटली जात होती. आमच्या खात्यात तर गाड्यासुद्धा. खात्याचं नाव सांगत नाही, आता मेलेल्या म्हशीला कशाला मारू. खेडोपाडी बोअर मारायचं काम होतं, एवढं पुरे. वर्कशॉप हैदराबादेत, अफझलगंजच्या पुढं, मुसी नदीच्या अंगाला. मी तिथला स्टोअरकीपर, एकनाथराव. गाव परभणीकडचं, शेतकऱ्याघरचा, पण राहायला काचीगुड्यात. मी हैदराबादच लिहून दिलं होतं. मला कुठं जायचं नव्हतं.

त्या दिवसांत संशय कुणावर नव्हता ते विचारा. गुलबर्ग्याच्या यादीतल्या ट्रकला शनिवारी नवे टायर, सोमवारी बघतो तर गुळगुळीत. औरंगाबादला जायची बॅटरी हैदराबादच्या जीपमध्ये बसलेली. विचारलं की जो तो आभाळाकडं बघणार. ‘नै मालूम साब.’ अरे, बॅटरी काय पाय फुटून चालत गेली? मी दिवसातनं दोनदा अंगणात फेरी मारायचो आणि प्रत्येक गाडीखाली वाकून बघायचो. कंबर धरली त्यात माझी.

तसा मी स्वभावानंच संशयी. आमची भामा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, ‘‘देवानं हातात प्रसाद ठेवला तरी तुम्ही हुंगून खाल.’’ हौ, खाईन! स्टोअरमधला पाना गेला तर देव थोडाच भरून देतो? पण ही गोष्ट माझी नाही. सूर्यभान फिटरची आहे. मी तिच्यात आहे, तो नको तिथं आहे.

सूर्यभान जालन्याकडचा. बाप पोटासाठी हैदराबादला आला, रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करून गेला. लढाईच्या काळात सिकंदराबादला लष्कराच्या गाड्यांचा मोठा डेपो होता, तिथं सूर्यभान गाड्या धुवायला लागला आणि धुता धुता शिकला. इंग्रजी एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण अमेरिकन ट्रक खालनं उघडून परत बसवावा तर त्यानंच. गिअरचं तेल चिमटीत घेऊन चोळायचा आणि सांगायचा, ‘‘ह्याच्यात बेअरिंगचा चुरा आहे, महिनाभर जाईल.’’ महिनाभरच जायचं. एकोणपन्नास साली आमच्याकडं रोजंदारीवर लागला. सात वर्षं झाली, रोजंदारीच. बारीक अंगाचा, बोलायला कमी. गौलीगुड्यात एका खोलीत तो, बायको सरुबाई आणि दोन पोरी.

तो वर्कशॉपच्या माठातलं पाणी प्यायचा नाही. घरनं बाटली आणायचा. त्याला कुणी मनाई केली नव्हती, असं मी बरीच वर्षं सांगत होतो. केली होती. तो लागला त्याच महिन्यात कुणीतरी बोललं होतं. बोलणारा मी नव्हतो, पण मी तिथं उभा होतो आणि गप्प होतो. आता या वयात खोटं कशाला बोलू.

तर वाटणीच्या त्या धामधुमीत सूर्यभानचं नशीब उघडायची वेळ आली होती. मराठवाड्याच्या वाट्याला जाणाऱ्या रोजंदारीच्या लोकांमधनं चारजणांना कायम करायचं ठरलं. कायम म्हणजे औरंगाबादला क्वार्टर, म्हातारपणी पेन्शन, आणि उद्या कुणी ‘नको येऊ’ म्हणायचं नाही. यादी इंजिनिअर आबासाहेबांनी करायची आणि सामान हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावापुढं स्टोअरकीपरचा शेरा पाहिजे. म्हणजे माझा. सूर्यभानचं नाव पहिलं होतं. सरुबाईनं शेजारणींना सांगूनसुद्धा टाकलं होतं. गावाकडं त्याची आई भागूबाई, तिला औरंगाबादला आणून ठेवायचं, पोरींना तिथल्या शाळेत घालायचं, सगळं ठरलेलं. सूर्यभान स्वतः एवढंच म्हणायचा, ‘‘कागद हातात पडू द्या.’’

आबासाहेब औरंगाबादचा सगळा कारभार बघणार होते. त्यांच्या वाट्याला एक जुना अमेरिकन ट्रक आला, लढाईनंतर लिलावात घेतलेला, चारही चाकांना जोर असलेला. त्यांनी सूर्यभानला बोलावून सांगितलं, ‘‘ही गाडी इथल्या सडकेवर पळायला ठीक आहे. आपल्याकडच्या काळ्या रानात बोअरचं मशीन घेऊन ही चिखलातनं निघायची नाही. हिला हळू कर, पण ताकद वाढव.’’

ते कसं करतात, ते सांगतो. मला तेव्हा कळत नव्हतं. नंतर असं कळलं की जन्मात विसरणार नाही. ट्रकच्या आसाच्या मधोमध पोट सुटल्यासारखा जो लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. आमच्याकडं सगळे डिफ्रन्सल म्हणायचे. इंजिनाकडनं एक दांडा फिरत फिरत त्या गोळ्यात येतो. आत एक लहान दातेरी चाक, एक मोठं. लहानाला नऊ दात आणि मोठ्याला चव्वेचाळीस असतील, तर दांडा जवळजवळ पाचदा फिरल्यावर गाडीचं चाक एकदा फिरतं. लहानाला सहा आणि मोठ्याला पस्तीस असतील, तर दांडा जवळजवळ सहादा फिरतो तेव्हा चाक एकदा. गाडी हळू होते, जोर वाढतो. आबासाहेबांच्या ट्रकला नऊ-चव्वेचाळीसचे गोळे होते. अंगणात मागच्या बाजूला त्याच जातीचे दोन मोडके ट्रक गंजत पडले होते, त्यांच्यात सहा-पस्तीसचे. ते काढायचे आणि इकडं बसवायचे. वापरलेला माल, पण चांगला.

आता मेख अशी की चारही चाकांना जोर असलेल्या गाडीला गोळे दोन, एक मागं, एक पुढं. दोन्हींचे दात सारखेच पाहिजेत. मागचं सहा-पस्तीसचं आणि पुढचं नऊ-चव्वेचाळीसचं बसवलं, तर पुढची चाकं एका चालीनं ओढणार आणि मागची दुसऱ्या. एक बैल पळतो आणि एक रेंगाळतो, तसं. मधल्या मध्ये काहीतरी मोडणारच. हे मात्र मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि अर्धवट ठाऊक असणंच वाईट.

सूर्यभाननं मागचा गोळा तीन दिवसांत बदलला. बदलल्यावर मला बोलावलं. मागची दोन्ही चाकं ओंडक्यांवर उचललेली. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला उमाजी, आमचा दुसरा फिटर. चाकावर खडूची खूण, दांड्यावर खडूची खूण. दोघांनी दोन्ही चाकं बरोबरीनं एकदा फिरवली. मी दांड्याचे फेरे मोजले, सहाला जरासे कमी. मी मान डोलावली आणि सही केली. पुढचा गोळा त्यानं दसऱ्याच्या दोन दिवस आधी बसवून पुरा केला.

‘‘एकनाथराव, पुढचंबी मोजून घ्या. मी उद्यापासनं चार दिवस नाही.’’

‘‘कुठं चालला?’’

‘‘काम आहे. बाहेरगावी.’’

‘‘कसलं काम?’’

‘‘आहे आमचं,’’ म्हणला आणि हात पुसायला लागला. मला राग आला. इथं वाटणीचा गोंधळ, माणूस मिळेना, आणि हा चार दिवस ‘आमचं काम’ म्हणून चालला. म्हणलं, ‘‘मला आत्ता वेळ नाही. नंतर बघू.’’ तो जरा थांबला, मग गेला.

तो गेला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. बाहेरगावी म्हणजे कुठं? सोबत काय नेलं? मोडक्या ट्रकांमधनं किती गोळे निघाले, किती बसले, काढलेले किती उरले? मी जाऊन बघितलं. काढलेले दोन असायला पाहिजे होते आणि दोन होते. मग तर संशय आणखी वाढला. इतकं बरोबर कसं? त्या दिवसांत आमच्याकडं बरोबर असं काहीच नव्हतं!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काही घ्यायला म्हणून अफझलगंजच्या भंगार बाजारात गेलो. एका दुकानासमोर अगदी तसाच गोळा. घासलेटनं धुऊन चकाचक केलेला. मी दुकानदाराला विचारलं, ‘‘ये कहाँ से आया?’’ तो हसला. ‘‘लेना है तो बोलो साब. कहाँ से आया, ये पूछने को आए क्या?’’ मी तिथंच उभा राहिलो. म्हणलं, सापडला बेटा. आपल्या मोडक्या ट्रकातला चांगला गोळा इथं आणून विकला आणि गाडीत भलतंच काहीतरी बसवलं. ‘पुढचंबी मोजून घ्या’ म्हणला, कारण त्याला ठाऊक होतं मी ‘नंतर’ म्हणणार. काय डोकं चाललं होतं माझं! सरळ माणसाचं बोलणंसुद्धा मला वाकडं ऐकू येत होतं.

घरी भामाला सांगितलं. ती पुऱ्या लाटत होती. ‘‘अहो, त्या माणसानं सात वर्षांत तुमचा एक स्क्रू तरी नेला का?’’

‘‘नेला नाही, म्हणूनच. मोठ्या घासासाठी थांबला असेल.’’

‘‘धन्य आहे तुमची,’’ म्हणली ती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत अंगण रिकामं झालं. उमाजीला बोलवावं असं मनात आलं होतं, पण तोही सामील असला तर? म्हणलं, आपणच मोजू, त्यात काय अवघड आहे. एक जॅक घेतला. पुढचं डाव्या बाजूचं चाक उचललं, खाली विटा लावल्या. एका जॅकनं एकच चाक उचललं जातं, आणि एक चाक उचललं काय किंवा दोन, चाक ते चाकच, असं मी धरून चाललो. शितावरून भाताची परीक्षा होते, म्हणतात ना. खडूनं खुणा केल्या. चाक एकदा फिरवलं आणि वाकून दांडा बघितला.

तीनला जरासा कमी.

परत फिरवलं. परत तेवढंच. चारदा फिरवलं. मागं सहा आणि पुढं तीन! मी सुट्टीत जेवलोच नाही. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. आपला संशय खरा निघाला की माणसाला जो आनंद होतो ना, त्याच्याइतकी घाण गोष्ट दुसरी नाही.

बुधवारी सूर्यभान आला. पांढरा सदरा, पांढरं धोतर, दाढी केलेली. चेहऱ्यावर असं काही होतं की मी त्याला आधी ओळखलंच नाही. मी नेहमीसारखा ‘रामराम’ म्हणलो. तो म्हणला, ‘‘जयभीम, एकनाथराव.’’ म्हणजे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. एवढंच ‘आमचं काम’ होतं. ते कळल्यावर तरी मी थांबायला पाहिजे होतं की नाही? नाही थांबलो. उलट वाटलं, आता याची मान फारच ताठ झाली. मी त्याला तसाच आबासाहेबांच्या खोलीत नेला.

आबासाहेब फायलींचे गठ्ठे बांधून घेत होते. सुतळी, लाख, खोकी, नुसता पसारा. मी सांगितलं, पुढचा गोळा भलताच आहे, मी स्वतः मोजला, मागं सहा फेरे, पुढं तीन. अफझलगंजच्या दुकानाचंही सांगितलं. सूर्यभान ऐकत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली, पण घाबरल्याची नाही, कोडं पडल्याची.

‘‘तीन?’’ म्हणला. ‘‘तीनचा तर डिफ्रन्सलच या गाडीला येत नाही. एकनाथराव, तुम्ही कसं मोजलं?’’

‘‘कसं म्हणजे?’’

‘‘म्हणजे चाकं कशी उचलली होती?’’

‘‘तू मला विचारतोस? चोर तो चोर आणि वर शिरजोर! मी कसं मोजलं ते तुला काय म्हणून सांगू?’’

‘‘सांगा की. एवढंच सांगा.’’

नाही सांगितलं मी. त्यानं तीनदा विचारलं आणि मी तीनदा नाही सांगितलं. मला वाटलं, हा फाटे फोडतोय. आणि आणखी एक होतं, ते आत खोल होतं. त्यानं मला प्रश्न विचारावा आणि मी उत्तर द्यावं, हेच मला सोसत नव्हतं. मग तो आबासाहेबांकडं वळला. ‘‘साहेब, गाडी उघडा. आत्ता उघडतो. दात मोजा.’’

आबासाहेबांनी घड्याळ बघितलं. ‘‘आता कुठं उघडता? यादी दुपारच्या माणसाबरोबर सचिवालयात गेलीच पाहिजे. एकनाथराव, तुमचा काय तो शेरा लिहा, तुमचा शब्द आम्हाला पुरे. गाडी उद्या उमाजी उघडेल.’’

मी तिथंच बसून त्याच्या नावापुढं लिहिलं, ‘प्रामाणिकपणाविषयी संशय.’ तीन शब्द सुद्धा झाले नाहीत धड. सूर्यभाननं विचारलं, ‘‘काय लिहिलं?’’ कुणी सांगितलं नाही. तो जाऊन आपल्या हत्यारांच्या पेटीपाशी बसून राहिला. दुपारी यादी गेली.

दुसऱ्या दिवशी उमाजीनं पुढचा गोळा उघडला. मी डोक्यावर उभाच. त्यानं बोटानं तेल निपटून काढलं आणि मोठ्यानं दात मोजले. लहानाचे सहा. मोठ्याचे पस्तीस. मी म्हणलं, परत मोज. परत तेवढेच.

‘‘बरोबर तर आहे की एकनाथराव. तुम्ही तीन कसं काढलं?’’

मी दाखवलं. एक जॅक, एक चाक. उमाजी माझ्याकडं बघतच राहिला. मग कपाळावर हात मारून घेतला.

‘‘अहो देवा! दुसरं चाक जमिनीवर होतं? मग दुसरं काय होणार? या गोळ्याचं कामच ते. वळणावर एक चाक थांबलं तर दुसऱ्यानं पळावं, म्हणून तर तो घातलेला असतो. एक अडवलं की त्याच्या वाटचं फिरणं दुसऱ्याला मिळतं. ते दुप्पट फिरतं, म्हणून दांडा निम्माच दिसतो. सहाचे तीन! ते तर पोट्ट्यांना पहिल्या महिन्यात शिकवतो आम्ही.’’

त्यानं गोळा बसवला, दोन्ही चाकं उचलली, दोघांनी बरोबर फिरवली. सहाला जरासे कमी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अफझलगंजच्या त्या गोळ्याचं म्हणाल, तर तो कुणा लॉरीवाल्याचा होता. दुकानदारानंच नंतर सांगितलं, मी ओळखीच्या माणसाला सोबत नेल्यावर.

सूर्यभान त्या दिवशी कामावर होता. उमाजीनं त्याला जाऊन सांगितलं. मी लांबनं बघत होतो. तो हसला नाही, ओरडला नाही. नुसता म्हणला, ‘‘म्हणून तर विचारत होतो.’’

आता सरळ माणूस असता तर त्याच क्षणी आबासाहेबांकडं पळत गेला असता. मी गेलो नाही. दोन दिवस गेलो नाही! मनात हिशेब चालला होता. सोळा वर्षं नोकरी झाली, आंध्राच्या यादीत माझं नाव अजून पक्कं नव्हतं, आणि स्टोअरकीपरला एक चाक न् दोन चाकं कळत नाहीत हे सगळ्या खात्यात झालं तर? तिसऱ्या दिवशी भामानं ताट पुढं सरकवलं आणि म्हणली, ‘‘जेवा. त्या सरुबाईच्या घरात काय शिजतंय ते नका बघू.’’ मी ताटावरनं उठलो.

आबासाहेबांकडं गेलो तर ते कपाट रिकामं करून औरंगाबादला निघून गेलेले. सचिवालयात गेलो तर यादी मुंबईच्या गठ्ठ्यात बांधून लाख लावलेली. तिथला कारकून म्हणला, ‘‘गठ्ठा फुटत नाही. अर्ज लिहा.’’ बैल गेला अन् झोपा केला. मी लिहिलं, सगळं लिहिलं. कसं मोजलं, काय चुकलं, दात किती, फेरे किती, सूर्यभान निर्दोष आहे, चूक सर्वस्वी माझी. असं पत्र मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं होतं. औरंगाबादला रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

एक नोव्हेंबर होऊन गेला. तो ट्रक औरंगाबादला गेला, सूर्यभानच्या हाताचे दोन गोळे घेऊन. चिखलात मस्त चालतो, असा निरोपही आला. चौघांपैकी तिघे कायम झाले. सूर्यभानचं ‘विचाराधीन’.

डिसेंबरात उत्तर आलं. माझ्याच नावावर आलं. कुणा नव्या साहेबाची सही होती. ‘सदर इसमाविषयी आपण प्रथम संशय नोंदविला. नंतर यादी रवाना झाल्यावर तो निर्दोष असल्याचे कळविले. मधल्या दिवसांत आपले मत का पालटले आणि सदर इसमाकडून आपणास काही प्राप्त झाले किंवा कसे, याचा खुलासा करावा. सदर इसमाचे नाव यादीतून वगळण्यात येत आहे.’

तो कागद मी चारदा वाचला. मी लिहिलेलं खोटं त्यांनी एका शब्दात मानलं होतं, आणि खरं चार पानं लिहिलं तर विचारतात, किती खाल्लं? पण राग कुणावर काढणार? त्या साहेबाच्या जागी मी असतो तर मीसुद्धा हेच विचारलं असतं. अगदी हेच. खुलासा पाठवला, आणखी एक पाठवला, काही झालं नाही. इकडं आंध्राच्या नव्या ऑफिसात गेलो तर म्हणाले, हा माणूस मराठवाड्याच्या वाट्याचा, आमच्या यादीत नाही. दोन राज्यांत तो कुठंच नव्हता. रोजंदारीही एकतीस डिसेंबरला बंद झाली.

मी गौलीगुड्याला गेलो. सूर्यभान कुठं काम शोधायला गेला होता. सरुबाई दारात तांदूळ निवडत होती. खोलीत दोन गोणपाटांत भांडी बांधलेली दिसत होती. औरंगाबादसाठी बांधलेली, ती अजून सोडलीच नव्हती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कागद दाखवला. म्हणलं, ‘‘वहिनी, माझं चुकलं. मला ठाऊकच नव्हतं की चाक असं फिरतं.’’

तिनं सूप खाली ठेवलं. ‘‘ठाऊक नसतंय हो पुष्कळांना. ह्यांना विचारलं असतं तर ह्यांनी शिकवलं असतं. ते तर स्वतःहून विचारत होते ना तुम्हाला, कसं मोजलं म्हणून? पण ह्यांच्याकडनं शिकायचं कसं? तिथं अडलं तुमचं.’’

बाईनं माझं सगळं पोट उघडून समोर ठेवलं होतं. मी जिना उतरलो आणि मुसीच्या पुलापर्यंत चालत गेलो. रडायला आलं, तर तिथं कठड्याला टेकून रडलो. येणारे जाणारे बघत होते. बघू दे म्हणलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सूर्यभान वर्षभर इथं तिथं हातावर पोट घेऊन फिरला. मग अफझलगंजच्या मागं पत्र्याची एक शेड मिळाली, तिथं बसला. डिफ्रन्सल म्हणजे सूर्यभान, असं नाव झालं. आदिलाबादेकडनं लाकूडवाल्यांचे ट्रक यायचे, निझामाबादेकडनं उसाचे. दातांचा मेळ घालून द्यावा तर त्यानंच. भागूबाई मात्र गावाकडंच वारली, तिला औरंगाबादचं घर काही दिसलं नाही. थोरली पोर मॅट्रिक होऊन टेलिफोनमध्ये लागली. तिला कायमचा कागद मिळाला तेव्हा त्यानं सबंध गल्लीला चहा पाजला, असं उमाजीनं सांगितलं. मला बोलावणं नव्हतं. का असावं?

तेरा-चौदा वर्षं मी त्या शेडसमोरनं जायचं टाळलं. अफझलगंजला जायचं तर लांबचा वळसा घ्यायचो. एकाहत्तरला रिटायर झालो, एक जुनी स्कूटर घेतली, आणि ती कुणाच्या बापाला दुरुस्त होईना. तीन मेकॅनिक झाले. तिघांवरही माझा संशय, की आतलं चांगलं काढून जुनं घालतात. भामाच म्हणली, ‘‘सूर्यभानकडं जा. नाहीतर ढकलत बसा.’’

ढकलतच नेली. केस पिकले होते त्याचे, चष्मा लागला होता. मी आधी म्हणलो, ‘‘जयभीम, सूर्यभान.’’

‘‘जयभीम. या एकनाथराव, बसा,’’ म्हणला. अगदी नीट म्हणला. स्टूल दिलं. मला जरा बरं वाटलं, म्हणलं, माणूस विसरला वाटतं. त्यानं स्कूटर आडवी केली, पाना हातात घेतला आणि थांबला. शेजारी पंक्चरचं दुकान होतं, तिकडं हाक मारली. ‘‘यादगिरी अन्ना! जरा इकडं येऊन बसा.’’

यादगिरी हात पुसत आला आणि समोर उकिडवा बसला. सूर्यभाननं आतली एक लोखंडी पट्टी काढली, ती मला नाही, यादगिरीला दाखवली. ‘‘हे यांच्या गाडीतलं. बघून ठेवा.’’ दुसरं काढलं. ‘‘हेबी यांचंच. बघा.’’ तेवढ्यात एक लॉरीवाला आला, लॉरीच्या चाव्या फळीवर टाकल्या, ‘‘श्याम को आता उस्ताद,’’ म्हणला आणि वळूनही न बघता गेला. त्याच्या लॉरीसाठी कुणाला बोलावलं नाही. बोलावणं माझ्यासाठीच होतं.

माझं डोकं भडकलं. स्वभाव कुठं जातो! म्हणलं, ‘‘सूर्यभान, हा काय प्रकार? साक्षीदार कशाला बसवलास? मी काय तुझ्यावर चोरीचा आळ घ्यायला आलोय? अरे, या सबंध हैदराबादेत एका माणसावर माझा डोळे झाकून विश्वास असेल तर तो तुझ्यावर आहे. पोरांची शपथ घेऊन सांगतो.’’

त्यानं वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

‘‘तुमचा असेल हो माझ्यावर,’’ म्हणला. ‘‘माझा तुमच्यावर नाही.’’

आणि यादगिरीला म्हणला, ‘‘अन्ना, जरा उजेडात सरका, तुम्हाला दिसलं पाहिजे.’’ यादगिरी सरकला. मी स्टुलावर बसून राहिलो, काम होईपर्यंत.